भिंतीवरची वाटी

१

सुकेशनीच्या स्वयंपाकघरातली वरची फळी बघितली की आल्यागेल्या बायका आधी एकमेकींकडे बघत आणि मग पदराआड हसत. घर वाशीमच्या अगदी कडेला, नव्या लेआउटमधलं. पुढच्या दारातून बाहेर पडलं की फुलावर आलेली तूर. आणि अशा घरात फळीवर काय, तर केशराची डबी, चिलगोजे, व्हॅनिलाच्या काळ्या शेंगा, मणिपुरी काळा तांदूळ आणि एका काचेच्या बरणीत वाळक्या गुच्छ्या. गुच्छी म्हणजे पहाडात उगवणारं अळंबं, सुरकुतलेलं, जाळीजाळीचं, धुराच्या वासाचं. समोरच्या वैजयंतीनं एकदा ती बरणी उजेडात धरून विचारलं होतं, "हे मेलेले भुंगे कायले भरून ठेवले वो?"

पुण्यातल्या एका बड्या हॉटेलच्या किचनमध्ये सुकेशनीनं बरीच वर्षं काढली होती. मागच्या पावसाळ्यात सासरे जानराव वारले. नवरा संघदीप वाशीमला वीज कचेरीत, घरी सासू एकटी. मग ती नोकरी सोडून इकडे आली. नोकरी सुटली, पण हात काही सुटला नाही. बाजाराच्या दिवशी मेथी-कोथिंबिरीची पिशवी भरली की ती राजूच्या सुक्यामेव्याच्या दुकानात शिरणारच. राजू तिच्यासाठी अकोल्याहून, नागपूरहून एकेक जिन्नस मागवून ठेवी. ती डबी उघडून नाकाशी नेई, तेव्हा निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत उभा राही.

"आपल्या घरचं पिठलं बी इमानातून उतरल्यावानी वाटते," असं संघदीप चिडवायचा. चिडवायचा आणि ताट पुसून साफ करायचा.

जेवत नव्हत्या त्या विमलबाई, तिची सासू. जानराव गेल्यापासून त्या वाळत चालल्या होत्या. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, कशात काही सापडलं नाही. ताट पुढे आलं की त्या भाकर मधोमध मोडत. अर्धी आपल्यापुढे ठेवत, अर्धी ताटाच्या पलीकडच्या काठाला. उभा संसार नवराबायको एका ताटात जेवली होती, ती पलीकडची अर्धी जानरावांची. मग स्वतःच्या अर्ध्यातले दोन घास खात आणि ताट सरकवत.

"आई, असं कसं चालन? तुमाले काय खावं वाटते ते सांगा."

"काही नको, पोरी. ते अंबाडी उभी हाये नं नळापाशी, तिची भाजी कर साधी, भाकरीसंगं."

परसात भिंतीच्या कडेनं विमलबाईंनीच लावलेली अंबाडी उभी होती. सुकेशनीनं ऐकलं आणि सोडून दिलं. जिच्या हातची गुच्छी खायला लोक गाड्या करून येत, तिनं घरच्या माणसाला अंबाडी शिजवून घालायची? तिचा मान दुखावला, खरं सांगायचं तर. ती म्हाताऱ्या सासूवर जीव लावून होती, पण त्या जीव लावण्यात स्वतःची हुशारी सिद्ध करायची खुमखुमीही होती. ती भाकरीचं पीठ बाजूला ठेवून गुच्छीचा पुलाव करायला लागली. विमलबाई त्यातलेही दोन घास खात. त्यांचा मनगटापासचा हात इतका वाळला होता की त्यावर गोंदलेला विंचू सुरकुतीत दडून जायचा.

२

दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी सुकेशनी परसात भांडी पालथी घालायला गेली तर मागच्या भिंतीवर एक वाटी ठेवलेली. पितळेची, वर झाकणाला ताटली.

भिंत तिच्या डोक्यापेक्षा उंच. तिच्या वरून पलीकडच्या एका अर्धवट बांधकामाचा वरचा मजला दिसायचा, हिरवी जाळी लावलेला, आणि त्या जाळीवर हल्ली कुणाचं तरी लुगडं वाळत असे. म्हणजे कुणी राहायला आलेलं दिसतंय, असं तिनं मनाशी म्हटलं. "कोण हाये वो?" तिनं हाक दिली. पलीकडून बांगड्या वाजल्या, एवढंच.

तिनं वाटी उतरवली. ती गरम होती. झाकण काढलं तर आत वांग्याची भाजी, वर तेलाची लाल तरी, आणि वाफेचा लोट तोंडावर आला. सुकेशनीनं सवयीनं वास घेतला. वास आला नाही. तिनं परत घेतला. वाफ नाकात गेली, उन्हाळ्यात रस्त्यावरची हवा जाते तशी, आणि त्यात काहीच नव्हतं, ना लसूण, ना तेल.

करोनात तिचं नाक गेलं होतं. महिनाभर तिला फोडणी आणि फिनेल यातला फरक कळेना, तेव्हा ती रात्ररात्र रडली होती. तेच उलटलं असेल, असं म्हणून ती घाबरीघुबरी आत आली. हिंगाची डबी उघडली. हिंग नाकात चढला. केशर उघडलं, तेही लागलं. मग तिला हायसं वाटलं आणि ती वाटीचं विसरून गेली.

"काय वास सुटला वो," आतल्या खोलीतून विमलबाई म्हणाल्या. "कोणाच्या घरचं हाये?"

आणि त्या जेवल्या. दोन घास नाही, अख्खी वाटी. बोटानं कड पुसून घेतली. सुकेशनी दारात उभी राहून बघत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"वाटी रिकामी देजो नोको, पोरी," विमलबाई हात धुता धुता म्हणाल्या. "काही नसलं घरात तं साखरेचे चार दाणे तरी टाकावं. रिकामी वाटी देल्लं बरं दिसत नाही."

वाटी घासताना सुकेशनीनं ती उलटीपालटी करून पाहिली. घरातल्या एकूण एक भांड्यावर नाव असतं, कुणी दिलं, कुणाला दिलं, कशासाठी. या वाटीवर कुठेच काही नव्हतं. नाव घासून गेलं असतं तरी त्याची खूण उरते. ही तर आतूनबाहेरून सपाट होती. नवीन आणली असेल, झालं.

३

रिकामी द्यायची नाही म्हटल्यावर सुकेशनीला निमित्तच मिळालं. तिनं वाटीत बदामाचा शिरा भरला, वर चिलगोजे पेरले आणि वाटी भिंतीवर ठेवली. भांडी आत नेऊन परत येईस्तोवर वाटी गेलेली.

दुसऱ्या दुपारी ती परत आली. भरलेली आणि गरम. सुकेशनीनं काळ्या तांदळाची खीर पाठवली. वाटी आली. तिनं जर्दाळू घालून केलेलं मटण पाठवलं. वाटी आली. विमलबाईंचं दुपारचं जेवण असं त्या भिंतीवरून ठरायला लागलं. तिकडून येई ते साधंसुधं, डाळभाजी, पातोड्यांचा रस्सा, बेसन. विमलबाई दारात बसून वाट बघत. वाटी जरा उशिरा आली तर त्यांचा जीव खालीवर होई. "जाऊन पाह्य नं पोरी, आली काय." सुकेशनीनं स्वतः रांधलेल्याला त्या हात लावत नव्हत्या. ते तिला लागत होतं, पण सासू जेवतेय म्हटल्यावर तिनं तो राग गिळला.

वास मात्र एकदाही आला नाही. तिनं एकदा घासभर चाखूनही बघितलं. जिभेवर ऊब लागली. मऊ काहीतरी होतं, ते गिळल्यावर गेलं. चव म्हणून काही कळली नाही. शेजारीण मिठाचीही कंजूस दिसते, असं म्हणून तिनं तो विषय संपवला.

मग तिनं गुच्छीचा पुलाव पाठवला. बरणीतल्या शेवटच्या मोठ्या गुच्छ्या घातल्या, हात आखडता घेतला नाही. तिच्या मनात होतं, बघू तरी आता काय धाडते ते. आणि दुसऱ्या दिवशी वाटीत गुच्छ्या आल्या. पातळ रश्श्यात, जाळीजाळीच्या, टपोऱ्या. तिच्या बरणीतल्यापेक्षा मोठ्या.

ती संध्याकाळीच राजूकडे गेली.

"आमच्या मागच्या घरचेबी तुमच्याकडूनच नेतात का गुच्छी?"

"गुच्छी?" राजू हसला. "वहिनी, पुऱ्या वाशीमात हे तुमी एकट्याच घेता. तुमी नाही घेतली तं मले घरी नेऊन रांधा लागन, अन् माही बायको मले घरात घेणार नाही."

ऑनलाइन मागवली असेल. आजकाल काय, जंगलातही मागवता येतं. ती परत येताना रस्ताभर स्वतःला हे समजावत आली. तिला ते पटलंही. त्यानंतर एके दिवशी ती ओट्याशी व्हॅनिलाची शेंग चिरत होती, नुकतीच, चाकूच्या टोकावर पहिल्याच बिया आल्या होत्या. मागे वाटी वाजली. ती तशीच हात पुसत गेली. वाटीत खीर होती आणि खिरीत व्हॅनिलाच्या बियांचे काळे ठिपके. सुकेशनीनं आत येऊन शेंग बघितली, ती अजून अर्धीच चिरलेली होती.

४

विमलबाई भरत चालल्या होत्या. आधी गाल, मग खांदे. काठी कोपऱ्यात गेली. सकाळी पायरीवर येऊन बसू लागल्या. संघदीपला तर आकाश ठेंगणं झालं.

"माय सुधरली नं," तो म्हणाला. "तू काय खाऊ घालून राह्यली तिले?"

"मी नाही. मागचीच धाडते."

"कोण मागची?"

"तेच तं माहीत नाही. दिसत नाही ते. हात दिसते फक्त."

हात तिला एकदाच दिसला होता. भिंतीवरून वाटी उचलून नेताना. ओला होता, मनगटापर्यंत पाणी निथळत होतं, आत्ताच भांडी घासून आल्यासारखा. त्यावर काही खूण नव्हती, तीळसुद्धा नाही. ती भिंत एवढी उंच, म्हणजे बाई स्टुलावर उभी राहत असणार.

"हात दिसते म्हंजे मानूस हाये," संघदीप म्हणाला. "चांगलं चाललं हाये तं नाट लावू नोको." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी जानरावांचा. या घरात जानरावांनी कधी कुठल्या अंगात येणाऱ्या बाईपुढे मान झुकवली नव्हती. शंकेला शहाणपणानं उत्तर द्यायचं, ही घरची शिकवण. सुकेशनीलाही त्याचा अभिमान होता. म्हणून तिनं पुढचं सांगितलं नाही.

पुढचं असं होतं की विमलबाई आता दुपारी भिंतीपाशी जाऊन बोलत. अंबाडीच्या झाडांत उभ्या राहून, गाल भिंतीला लावून, हळू आवाजात. सुकेशनीनं एकदा विचारलं, "कोणाशी बोलून राह्यल्या, आई?"

"शेजारणीशी. लय उपाशी बाई हाये बिचारी. तिच्या घरी चूलबी नाही म्हणे."

"चूल नाही तं रांधते कायच्यावर?"

विमलबाईंनी थोडा विचार केला. "ते नाही इचारलं म्या," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात राजूकडे खरं काश्मिरी केशर आलं. सुकेशनीनं दूध आटवलं, मामरा बदाम वाटून घातले, वर केशर, अशी बासुंदी केली की घरभर वास दरवळला. एवढी बासुंदी त्या साध्या पितळी वाटीत घालायची तिला जिवावर आलं. हॉटेलात पदार्थाआधी भांडं निवडायची सवय, ती आड आली. विमलबाई झोपल्या होत्या. तिनं त्यांची ट्रंक उघडून काशाची वाटी काढली, लग्नात त्यांच्या बापानं दिलेली. कडेला टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, विमल जानराव. विमलबाई ती कधी वापरत नसत, पण पोरीबाळी आल्या की दाखवत. मग मनगटावरचा विंचूही दाखवत आणि म्हणत, "एक हातावर, एक वाटीवर. दोन्ही माह्या बापानं टिंबं टिंबं करून घेतले. हे दोन काही पुसत नाही."

सुकेशनीनं त्यांना विचारलं नाही. उद्या परत येईलच, असा तिचा हिशेब होता. काशाच्या वाटीत केशराचा रंग उठून दिसत होता. तिनं ती दोन्ही हातांनी भिंतीवर ठेवली, शेजारी साखरेचे चार दाणे घालून पितळीही, आणि क्षणभर कौतुकानं बघत राहिली.

५

वाटी परत आली, तीच, काशाची. आत बासुंदी. सुकेशनीला वाटलं, न खाताच परत धाडली की काय. पण ही जास्त घट्ट होती आणि वाटी कढत होती.

विमलबाईंनी ती तिच्या हातातून घेतली, घेतली म्हणजे ओढलीच, आणि दारातच बसून बोटांनी खाऊ लागल्या. सुकेशनी त्यांच्या शेजारी टेकली. वाटी रिकामी होत आली तशी तिची नजर कडेवर गेली. नाव नव्हतं.

तिनं वाटी फिरवून बघितली. जिथे टिंबं होती तिथे अंगठा फिरवला. कासं गुळगुळीत होतं. घासलेलं नव्हतं, घासलं तर चमक वेगळी दिसते. तिथे कधी कुणी हातोडीच लावली नव्हती, असं ते होतं. पण वाटी तीच होती. तळाला जानरावांच्या हातून पडल्याचा पोचा तसाच.

"आई," ती म्हणाली. विमलबाई बोटं चाटत होत्या.

"आई, तुमच्या वाटीवरचं नाव..."

त्यांनी वर बघितलं नाही. सुकेशनीनं आयुष्यात पहिल्यांदा सासूला नावानं हाक मारली. "विमलबाई?"

त्या रस्त्यावरून कुणी दुसऱ्यालाच हाक मारावी तशा बसून राहिल्या. मग वाटी तिच्या हातात देत म्हणाल्या, "सुकेशनी, यात केशर कमी पडलं."

लग्न होऊन आल्यापासून त्या तिला पोरी म्हणत. सुकेशनी हे नाव त्यांच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं मुद्दाम भाकर केली आणि ताट वाढून समोर बसली. विमलबाईंनी भाकर मोडली नाही. अख्खी उचलली, दाताखाली धरली, एक घास खाल्ला आणि ताटात टाकून दिली. "हे कायचं हाये? चव नाही याले."

संघदीप शेजारी जेवत होता. तो हसला. "माय आता मोठ्या घरची झाली." सुकेशनीला हसू आलं नाही. ताटाचा पलीकडचा काठ रिकामा होता. तिथे जानरावांसाठी काही ठेवलेलं नव्हतं, आणि मुलाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

६

दुसऱ्या दुपारी ती काशाची वाटी पिशवीत घालून निघाली. मागच्या घरी जायचं, बाईला भेटायचं, नाव कसं गेलं ते विचारायचं. भांडणासाठी नव्हे. कल्हईवाल्याकडे दिली असेल, कशानं तरी घासली असेल, काहीही असेल, तिला फक्त एक माणूस समोर बघायचा होता.

लेआउटचा रस्ता मारुतीच्या पारावरून वळून मागच्या आळीत जातो. ती हिरवी जाळी शोधत गेली. जाळीचं घर सापडलं, पण ते पार पलीकडच्या ओळीत होतं. तिथे एक मिस्त्री आणि त्याची बायको राहत होती, लुगडं त्यांचंच. तिच्या घराची भिंत तिथून लांब होती. मधे कुणीतरी तळघरासाठी खोदून अर्धवट सोडलेला मोठा खड्डा होता.

ती खड्ड्याच्या काठानं फिरून भिंतीसमोर आली. आपली भिंत तिनं ओळखली, वरून अंबाडीचे शेंडे दिसत होते. भिंत सरळ खड्ड्यात उतरत होती, दोन पुरुष खोल. तळाला काळं चिकट पाणी, मुरूम, गंजलेल्या सळया. पाय ठेवायला वीतभर जागा नव्हती. शिडी असेल, असं तिचं डोकं म्हणालं. शिडी कुठे नव्हती. पाण्याच्या कडेच्या ओल्या मातीत कशाची खूण नव्हती, कुत्र्याच्या पायाचीसुद्धा नाही. या बाजूनं ती भिंत गाठायला माणसाचा हात केवढा लांब लागला असता, याचा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो अर्ध्यात तोडला.

तेवढ्यात भिंतीवर तिला पितळी वाटी दिसली. मघाशी ती तिथे नव्हती, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या घराच्या बाजूनं एक हात वर आला आणि वाटी उचलून घेऊन गेला. सासूचाच हात, निळ्या काठाच्या लुगड्याचा पदर ओळखीचा. गुबगुबीत झालेला, वर ऊन पडलेलं. मनगट कोरं होतं.

लांबून दिसलं नसेल. हात उलटा असेल. ती जवळजवळ पळतच घरी आली. विमलबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. सुकेशनीनं तेलाची वाटी घेतली, पाय चेपते म्हणून बसली आणि हात ओढून तेल लावू लागली. आधी डावा, मग उजवा. दोन्ही हात दुधीच्या सालीसारखे सपाट होते.

"आई, तुमचं गोंदण?"

"कोणतं गोंदण?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या. हात गरम होता, वाटी असायची तसा. आणि इतक्या जवळ बसूनही सुकेशनीला त्यांच्या अंगाचा, त्या नेहमीच्या निलगिरी तेलाचा आणि तपकिरीचा वास आला नाही.

७

संघदीपला काय सांगायचं? तुझ्या आईचं वजन वाढलं आणि मला भीती वाटते? दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. आतल्या खोलीत ती जी कुणी होती ती जेवून घोरत पडली. सुकेशनी ओट्याशी उभी होती. केशर, चिलगोजे, सगळं समोर मांडलेलं आणि तिला कशालाही हात लावावासा वाटत नव्हता. या हातांनी आपण ते नाव कुणाला देऊन बसलो आणि कुणाला घरात घेतलं?

मागे भिंतीशी कुणीतरी खाकरलं. एकदा, मग थांबून दोनदा. ते खाकरणं ती रोज पहाटे ऐकत आली होती. जानराव गेल्यापासून, पहाटेच्या अंधारात उठून बसताना विमलबाई असंच खाकरायच्या.

ती परसात गेली. घोरणं मागे ऐकू येत होतं.

"पोरी," भिंतीपलीकडून आवाज आला. लांबून, खालून, बारीक. "काही हाये का वो खायले?"

सुकेशनी अंबाडीकडे वळली. तिनं अंबाडीचे कवळे शेंडे खुडले, पदर भरून. पीठ मळलं. भाकर गोल आली. ती थापण्याचा आवाज होऊ नये म्हणून तिनं परात मांडीवर घेतली. अंबाडीला लसणाची फोडणी दिली तेव्हा घोरणं थांबलं. ती श्वास धरून उभी राहिली. घोरणं परत सुरू झालं.

भाजी तिनं काशाच्या वाटीत घातली, वर भाकर ठेवली आणि हात उंच करून वाटी भिंतीवर ठेवली. पण मागे सरकली नाही.

पलीकडून बोटं आली. आधी भिंतीच्या कडेवर चाचपली, मग वाटीवर. वाळलेला हात, नखांत काळी माती, कातडी लोंबलेली. मनगटावर, सुरकुतीत अर्धा दडलेला, हिरवा विंचू. सुकेशनीनं हात पुढे केला. तिची बोटं त्या बोटांना लागली, थंडगार होती ती, आणि तिनं पकडायच्या आत वाटी खाली गेली.

खूप वेळ काही ऐकू आलं नाही. मग खाली कुठेतरी भाकर मोडल्याचा आवाज. मग चावण्याचा, सावकाश, दात नसलेल्या तोंडाचा.

"आई," सुकेशनी भिंतीला तोंड लावून म्हणाली, "वर या. मी दोर सोडतो. कसंबी करून या."

"मीठ बरोबर हाये," खालून आवाज आला.

वाटी परत आली. भिंतीच्या कडेवर खणकन टेकली आणि ती बोटं निसटली. सुकेशनीनं वाटी उतरवली. ती गार होती. आत भाकरीचा अर्धा तुकडा होता, मधोमध मोडलेला. विमलबाईंकडे त्या खड्ड्यात दुसरं काहीही द्यायला नव्हतं, आणि तरी त्यांनी वाटी रिकामी दिली नव्हती.

सुकेशनीनं तो तुकडा नाकाशी नेला. भाजलेल्या ज्वारीचा वास आला, करपलेल्या पापुद्र्याचा, लसणाचा, आणि खाली कुठेतरी तपकिरीचा. तिला हुंदका आला, तो तिनं पदरात कोंबला.

आतली घोरघोर केव्हा थांबली होती, तिच्या लक्षात आलं नव्हतं. खाट करकरली. जड पावलं स्वयंपाकघरातून परसाच्या दाराकडे यायला लागली. तिनं भाकरीचा तुकडा घाईघाईनं पोटाशी खोचला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"सुकेशनी," दारातून तिच्या सासूचा आवाज आला, गोड, पोटभरल्या माणसाचा. "कोणाले वाढून राह्यली तू?"